अठराशे सेहेचाळीस पुस्तकांची यादी

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

केतननं आज जेवताना सांगून टाकलं — जानेवारीअखेर माडी रिकामी हवी. एसी बसवणार, बाथरूम जोडणार, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या लोकांना भाड्यानं देणार. विचारलं नाही. सांगितलं. दोन टेम्पो आहेत, तिसरा घ्यायचाय, म्हणून मुलगा आता घरात साहेबासारखा बोलतो.

पुस्तकांचं काय करू, विचारलं. म्हणाला, बाबा, नेईल ना कुणीतरी.

कुणीतरी! भंगारवाला पण कुणीतरीच असतो.

मैना माझ्या बाजूनं बोलेल अशी आशा नव्हतीच. बायको झाली म्हणून काय झालं. "चालीस वरसा झाली, माणसाना टेकाला जागा नाय नं कागदाना माडी," एवढं बोलून तिनं आमटी वाढली.

तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी जिथं थांबेल तिथल्या बाजारात फिरून एकेक पुस्तक आणलं. बरोबरचे ड्रायव्हर हसायचे. २०२० च्या वादळात कौलं उडाली, तीनशेवर पुस्तकांचा लगदा झाला. उरलेली पान-पान उलटून सुकवली. तेव्हाही केतन म्हणाला होता, सुटला असता पसारा.

१५ नोव्हेंबर

दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजात जाऊन आलो. आयुष्यभर ज्याच्या फाटकासमोर डबल बेल मारली, त्याच्या आत पहिल्यांदा गेलो. मी दहावी. पुढं शिकायची सोय नव्हती.

प्राचार्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. गोड माणूस. म्हणाले, असा वाचक आपल्या भागात आहे हे आम्हाला ठाऊकच नाही! वाचनकक्षाला लागून एक खोली आहे, ती तुमच्या पुस्तकांना देऊ. दारावर पाटी लावू. नाव सांगा.

माझ्या तोंडून वडलांचं, आबांचं नाव गेलं. आधी ठरवलं नव्हतं. आबा जन्मभर मिठागरात राबले, सही म्हणून अंगठा. पायांना मिठाच्या जखमांची घरं पडलेली, ती मरेपर्यंत भरली नाहीत. सरांनी कागदावर लिहून दाखवलं — कै. बुधाजी म्हात्रे ग्रंथदालन. कागद माझ्याकडे वळवला. मला धड वाचता येईना, डोळे भरले होते. या वयात लाज वाटली.

अट एकच. पुस्तकं हलवण्याआधी त्यांची यादी कॉलेजच्या ऑनलाइन सूचीत चढवायची. ग्रंथालयात दिपाली मॅडम आहेत — तिशीच्या आतबाहेर, मुरुडहून रोज एसटीनं येतात, कंत्राटी आहेत. त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. मला वेगळं खातं उघडून द्यायला ऑफिस महिना लावेल, म्हणून स्वतःचंच लॉगिन चिठ्ठीवर लिहून दिलं. तुम्ही नोंदी करा काका, रोज मी तपासत जाईन, म्हणाल्या.

परतताना गाडीत तिकीट काढलं तर कंडक्टरनं ओळखलं. कुठं गेला होता म्हात्रे? म्हटलं, कॉलेजात काम होतं. बरं वाटलं म्हणताना.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. प्राप्तीला पतसंस्थेतून सुट्टी, म्हणून सूनबाई दोन तास माझ्यापाशी बसली. कॉलेजचं ग्रंथालय फोनवर उघडतं. पुस्तकामागच्या काळ्या रेघांवर कॅमेरा धरला की टुक्‌ असा आवाज येतो आणि नाव, लेखक, प्रकाशक, पानं, सगळं आपोआप भरून येतं. मी लहान पोरासारखा पाच पुस्तकं टुक्‌-टुक्‌ करत बसलो.

पाचव्यानंतर रेघा संपल्या. माझी निम्म्याहून जास्त पुस्तकं त्या रेघा निघायच्या आधीची. ती सगळी हातानं टाइप करायची.

आज १४.

२१ नोव्हेंबर

११. मान आखडली.

२५ नोव्हेंबर

टाइप करायला वेळ लागतो म्हणून प्राप्तीनं बोलून लिहायचं शिकवलं. मी म्हटलं 'खाजण जमिनीतील भातशेती'. फोननं लिहिलं 'खाजगी जमिनीतील बातचीत'. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा 'खाजवून'.

नारळाच्या कीडरोगांच्या पुस्तकाच्या रेघांवर कॅमेरा धरला तर परदेशातल्या कुठल्या तरी लहान मुलांच्या पुस्तकाचं चित्र आलं. अस्वल होतं त्यावर. ते पुसून हातानं भरलं. म्हणजे यंत्राच्या भरवशावर राहिलो असतो तर कॉलेजच्या पोरांनी नारळाची सोंडकिडी शोधायला अस्वल उघडलं असतं.

दिपाली मॅडमचा मेसेज आला होता — काका, प्रकाशनाचं वर्ष पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला असतं, जिथं नसेल तिथं मोकळं सोडा, अंदाजानं लिहू नका. हे आवडलं. अंदाजानं तिकीट फाडणारा कंडक्टर मला कधीच आवडला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

फोननं आज माझी लाज काढली. आंब्याच्या कलमांचं एक पुस्तक नोंदवलं, तर म्हणे हे पुस्तक आधीच सूचीत आहे. शोधलं. फळीवर खरंच होतं. त्याच्या मागे तिसरंही! तीन वेगवेगळ्या गावांत तीनदा घेतलेलं, आणि मी आयुष्यात एक आंब्याचं कलम बांधलेलं नाही.

मैनाला धूळ पुसायला बसवलंय. बसवलंय कसली, 'तुमच्यानं होनार नाय' म्हणत आपणच येऊन बसली. तिला अक्षर येत नाही. पण दुपारी एक पुस्तक हातात घेऊन म्हणाली, याचा भावंड त्या खालच्या फळीत हाय. काढून पाहिलं. होतं. नुसत्या कव्हरवरून! फोन बोलायच्या आधी तिनं अशी चार पकडली.

मी कौतुक केलं नाही. आता लिहिताना वाटतंय, करायला हवं होतं.

१५ डिसेंबर

एकूण ७९२. दिवाळी अंक धरायचे का, मॅडमना विचारलं. नको म्हणाल्या. ते वेगळे बांधले.

गावात सगळ्यांना कळलंय. रिक्षावाले विचारतात, पाटी कधी लागणार? मी कुणाला सांगितलं नव्हतं. मैनानं सांगितलं असणार.

११ जानेवारी २०२५, शनिवार

झालं! १,८४६. शेवटचं पुस्तक मिठावरच्या कायद्याचं, कुणीतरी रद्दीत टाकलेलं.

मॅडमचा फोन आला. एकही नोंद परत करावी लागली नाही काका, म्हणाल्या. पाठोपाठ खुद्द प्राचार्यांचा. अभिनंदन, आभार, पुढच्या आठवड्यात टेम्पो पाठवतो.

केतनलाही सांगितलं. बरं, म्हणाला.

२० जानेवारी

टेम्पो आला नाही. फोन केला. खोलीला रंग चाललाय.

२४ जानेवारी

प्रजासत्ताक दिनाच्या तयारीत आहेत.

२९ जानेवारी

सर मीटिंगमध्ये. परत फोन करतील. केला नाही. केतनचा टेम्पो पाठवू का, असा निरोप ठेवला, त्यालाही उत्तर नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

गवंडी आले. केतननं त्यांना आठ दिवस थांबा म्हणावं एवढीच माझी मागणी होती. म्हणाला, बाबा, मिस्त्री एकदा गेला की पावसाळ्यापर्यंत मिळत नाही. माडीवरून खोकी उतरवली. मी, मैना आणि दोन गवंडी. मागच्या पडवीत विटांवर फळ्या टाकून त्यावर रचली, वर निळी ताडपत्री. शेजारी सुक्या बोंबलांची पोती आहेत.

गवंडी म्हणाला, कसली खोकी हो, टाइल्सपेक्षा जड?

६ फेब्रुवारी, गुरुवार

सदा आला होता. हा आमच्याच आळीतला, कॉलेजात शिपाई. उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि मला खाली घेऊन गेला, आळीच्या टोकाला, पिंपळापाशी. मैनासमोर बोलायचं नव्हतं त्याला.

कॉलेजची तपासणी आहे. वीस तारखेला बाहेरून समिती येणार, कॉलेजला दर्जा देणार. ग्रंथालयात जितकी पुस्तकं पाहिजेत तितकी नव्हती. ऑनलाइन सूचीत आता भरली.

"दादा, त्याना पुस्तका नको होती," सदा म्हणाला. "आकडा पायजे होता. तो तुमी दिलाव."

मी म्हटलं, खोलीला रंग चाललाय ना? तो पायाकडे बघत राहिला. त्या खोलीत मोडके बाक आहेत, म्हणाला. वीस वर्षं तेच आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्या गाडीनं गेलो. सदा खोटं बोलला नव्हता. खोलीला कुलूप, खिडकीच्या फुटक्या काचेतून बाक दिसतात.

प्राचार्यांनी पुन्हा खुर्ची दिली. या वेळी चहा नाही. मी विचारलं, पुस्तकं कधी नेता? म्हणाले, नेणार, नेणार, सगळं प्रक्रियेत आहे. मी म्हटलं, माझ्या घरची पुस्तकं तुमच्या सूचीत दिसतात. ते हसले. म्हणाले, तुम्ही दान केलीत ना? दान म्हणजे आमचीच झाली. घर तुमचं, पुस्तकं आमची. जपून ठेवा हं!

गाडीत दारू प्यायलेला माणूस चढला तर त्याला उतरवायला मला दोन मिनिटं लागायची. इथं माझे हात मांडीवर तसेच.

बाहेर ग्रंथालयात दिपाली मॅडम. मी दारातूनच विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी मान वर केली, माझ्यामागे बघितलं — मागे ऑफिसचा क्लार्क उभा होता — आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तपासणी होऊ द्या. मग मी स्वतः तुमच्याकडे येते."

म्हणजे यासुद्धा त्यातल्याच. तपासणी होऊ द्या!

११ फेब्रुवारी

प्राप्तीनं कॉलेजची वेबसाइट उघडून दाखवली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत — एकूण ग्रंथसंपदा. त्या आकड्यात माझे १,८४६. खाली प्राचार्यांचा फोटो. माझं नाव नाही. आबांचं तर नाहीच.

दोन महिने मान मोडून मी कुणासाठी टाइप करत होतो?

१३ फेब्रुवारी

वाण्याच्या दुकानात भजनाच्या बुवानं विचारलं, पाटी लागली का? पितळेची करणार म्हणे. हो म्हणालो. सरळ हो म्हणालो. साखर न घेताच परत आलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

केतन म्हणतो, सोडा ना बाबा, तसंही कोण वाचतं. त्याला वाटतं तो समजूत काढतोय.

ताडपत्री उचलून बघितली. तीन खोक्यांना खालून ओल. बोंबलाचा वास बसलाय, तो आता जाणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चहा घेताना प्राप्तीला विचारलं, टाकलेली नोंद काढता येते का? ती माझ्याकडे बघत राहिली. येते, म्हणाली. सगळ्या एकदम? त्याही येतात. मग म्हणाली, बाबा, पण ते लॉगिन मॅडमचं आहे. तुम्ही काढलंत तरी नाव त्यांचं लागेल.

मी म्हटलं, मी घातल्या, मी काढीन. त्यात मॅडमचा काय संबंध.

ती कप उचलून आत गेली. पण तिनं सांगितलं होतं. हे इथं लिहून ठेवतो, उद्या मला कळलंच नव्हतं असं म्हणायला नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दहा वाजता पडवीत खोक्यांपाशी बसलो आणि काढल्या. माझ्या यादीचं पान उघडलं, तिथं सगळं निवडायला एक चौकोन असतो. खाली लाल बटण. विचारलं — खात्री आहे का? होय. पुन्हा विचारलं. पुन्हा होय. एक चक्र गरगर फिरलं, मैनाच्या दोन भाकऱ्या झाल्या तेवढा वेळ. मग कोरं पान.

दोन महिन्यांचं काम. समिती अकराला येणार होती.

दुपारी जेवून झोपलो. जानेवारीनंतर पहिल्यांदा गाढ.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सदाकडून कळलं. समितीसमोर मोठा पडदा लावला होता. सूची उघडली तर आकडा पडलेला. प्राचार्यांचा चेहरा कापडासारखा पांढरा. पण माणूस कसलेला! म्हणाले, संगणकीकरण चालू आहे, सर्व्हरची अडचण आहे, नोंदी पुन्हा चढवतोय. समितीनं मान हलवली, चार कपाटं बघितली. मग सुरमईचं जेवण. पाचच्या आत सगळे मुंबईच्या बोटीला.

संध्याकाळी दिपाली मॅडमना ऑफिसात बोलावलं. तासभर दार बंद होतं.

मी विचारलं, मग मॅडम काय म्हणाल्या? सदाला माहीत नाही. बाहेर आल्या, पर्स घेतली, गाडीला गेल्या.

बरं झालं, असं वाटावं म्हणून वाट बघतोय. अजून वाटलेलं नाही.

१ मार्च, शनिवार

मॅडमना काढलं. निष्काळजीपणा, असं पत्रात लिहिलंय म्हणे. कंत्राट पुढे नाही.

मैनाला सांगितलं. ती पीठ मळत होती. थांबली नाही. "पोरीचा पोट मारलाव तुमी," म्हणाली. यादी कुणी पुसली हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

३ मार्च, सोमवार

स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून नेला. मी, चांगदेव बुधाजी म्हात्रे, राहणार रेवदंडा, वीस फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता सर्व नोंदी स्वतः काढून टाकल्या, ग्रंथपाल दिपाली यांचा त्यात काही दोष नाही. खाली सही, तारीख.

प्राचार्यांनी दोनदा वाचला. मग घडी घालून माझ्यासमोर सरकवला.

"म्हात्रे, हा कागद मी घेतला तर मला विचारतील, यांच्या घरची पुस्तकं तुमच्या सूचीत काय करत होती?" आवाज अगदी मऊ. "मग मी काय सांगू?"

म्हटलं, खरं सांगा.

"खरं हेच, की मॅडमच्या लॉगिनवरून नोंदी गेल्या. जा तुम्ही घरी. ऊन होतंय."

तेहतीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. चेकिंगवाले गाडीत चढायचे तेव्हा मी हिशेबाचा कागद आधीच पुढे करायचो. आज गुन्हा कबूल करायला गेलो तर घ्यायला माणूस नाही.

कागद खिशात आहे.

९ मार्च, रविवार

मुरुडला गेलो. चार दिवस जाऊ-नको करत होतो. मैनानं सकाळी पिशवीत दहा नारळ भरून पिशवी दारात ठेवली. मग निघालो. नारळाच्या वाड्यांनी भरलेल्या मुरुडला नारळ घेऊन जाणारा माणूस मीच असेन. बाईच्या डोक्यात येत नाही असलं.

मॅडमचं घर कोळीवाड्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. आई वेणूबाई दारात जाळ्याचा तुकडा शिवत बसलेल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी वर बघितलं, सुई ठेवली, आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

मॅडमनी चहा केला. मी अर्ज दाखवला. प्राचार्य काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी वाचला, परत दिला. रागावतील, रडतील, काहीतरी करतील असं मनात धरून गेलो होतो. त्या बशी पुसत राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही काढल्यात हे मला त्याच दिवशी कळलं. वेळ दिसते त्यात. दहाला मी गाडीत होते, समितीसाठी फुलं घेऊन.

मी विचारलं, मग माझं नाव का नाही सांगितलं?

"तुमचं नाव सांगून माझी नोकरी राहणार नव्हती काका. लॉगिन मीच दिलं होतं."

बाहेर लाउडस्पीकरवर मासळीचा लिलाव चालला होता. उठताना मी माफी मागितली. नीट जमलं नाही, चपला घालत-घालत मागितली. त्या म्हणाल्या, सात फेब्रुवारीला तुम्ही दारात उभे होता तेव्हा एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी होती. मागे क्लार्क होता, म्हणून राहिली. कोणती, विचारलं. तर म्हणाल्या, आता सांगून काय उपयोग, तुम्हालाच त्रास होईल.

नारळ मात्र ठेवून घेतले.

१४ मार्च, शुक्रवार

शिमग्याची सुट्टी. माडीवर पहिलं गिऱ्हाईक — ठाण्याचं कुटुंब. केतन वर-खाली धावतोय. त्यांच्यातल्या एकानं पडवीतली ताडपत्री बघून विचारलं, यात काय आहे? केतन म्हणाला, जुनं सामान.

अलिबागच्या रस्त्यावर बॅनर लागलाय. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. प्राचार्य हात जोडून उभे, चेहरा ट्रकएवढा. गाडीतून जाताना दोनदा वाचला.

त्यांची चोरी मी उघडी पाडली असं मला वाटत होतं. त्यांचं काही वाकडं झालं नाही. जिचं झालं ती घरी बसलीय.

१५ मार्च

काही नाही.

१८ मार्च, मंगळवार

प्राप्ती कामावरून आली ती सरळ पडवीत, चप्पल न काढता. म्हणाली, बाबा, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाच मी सगळी यादी माझ्या फोनवर उतरवून ठेवली होती, तुम्ही काढणार हे मला कळलं होतं. आज उघडली. हे बघा.

माझ्या रकान्यांच्या शेवटी आणखी एक रकाना आहे. शेरा. मी भरलेली नोंद पुन्हा कधी उघडली नाही, म्हणून दिसला नाही. प्राचार्यांनी आकडा सोडून काही बघितलं नाही, म्हणून त्यांनाही नाही. मॅडम रोज तपासताना तो भरत होत्या. एकदम चिकटवलेला नाही, तारखा वेगवेगळ्या आहेत, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. प्रत्येक पुस्तकापुढे तेच वाक्य:

'हे पुस्तक ग्रंथालयात आलेले नाही. मालक चांगदेव बुधाजी म्हात्रे, रेवदंडा, यांच्या घरी आहे.'

समितीनं पडद्यावर कुठलंही एक पुस्तक उघडलं असतं तरी पुरलं असतं. समिती अकराला आली. मी दहाला पुसलं.

उद्या दोन प्रती छापून घेतो. एक समितीला, माझ्या अर्जासकट. दुसरी घेऊन मुरुडला जातो.